बंधाऱ्याच्या सात फळ्या

आता आठवणारं कोणी उरलेलं नाही, इतक्या पूर्वीची ही गोष्ट. एका गावाला मोठं तळं होतं. तळ्याच्या तोंडाशी दगडी चिमुकला बंधारा होता आणि त्याच्या खाचेत एकावर एक सात लाकडी फळ्या बसवलेल्या होत्या. फळी काढली की पाणी खालच्या वाडीला जाई, बसवली की तळ्यात राही.

जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. तळं गावाचं, पण फळ्या हलवणारा पाटकरी मात्र वाडीचाच. त्या वर्षी हे काम वाडीतल्या एका म्हातारीकडे होतं.

श्रावणात पावसाने दडी मारली. गावाला मात्र भरल्या तळ्याची भारी हौस. पाहुणे यायचे, वाहवा करायचे. पाटलाने सातही फळ्या बसवून घेतल्या.

"पाटील, दोन फळ्या काढू द्या," म्हातारी म्हणाली. "वाडीची भातं करपाय लागलीत."

"म्हातारे, तळं कसं शोभतंय बघ! जरा कळ काढा की."

"शोभा बघून प्वाट भरतं व्हय? आन् फळ्या पंधरा दिसांनी हलवाव्या लागत्यात. फुगून बसल्या तर कुणाच्या बापाच्यानं निघायच्या न्हाईत."

"मला धमकी देतेस?" पाटलाने तिच्या हातातला फळ्या उचलायचा लोखंडी आकडा हिसकावून घेतला.

वाडीने महिनाभर वाट पाहिली. भातं गेली, विहिरी आटल्या आणि एके सकाळी सगळी वाडी बिऱ्हाडं उचलून निघून गेली. गावात कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. मला मात्र सांगताना अजून वाटतं.

मग पाऊस परतला आणि तीन दिवस कोसळला. तळं तुडुंब झालं. दहा जण आकडा धरून ओढत राहिले, पण फळ्या तसूभर हलेनात. वाडी उठून गेल्याचं घाबरगुंडीत विसरून म्हातारीला आणायला माणूस धावला आणि रिकामी घरं बघून परत आला.

पाण्याने बंधाऱ्याचा नाद सोडला. शेजारचा मातीचा काठ फोडून ते गावाचे गोठे आणि घरं घेऊन गेलं. तिन्हीसांजेला तळ्यात नुसता चिखल उरला.

वाडीला शेवटी पाणी मिळालं. अंगणाअंगणांत गुडघाभर साचलं. ओंजळीत घ्यायला तिथे कोणी नव्हतं.

बंधाऱ्याला साधा तडाही गेला नव्हता. सातही फळ्या जागच्या जागी होत्या आणि पाटील आकडा धरून त्यांच्यासमोर बसला होता.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या वाट्याचं जो अडवून ठेवतो, त्याचं स्वतःचंही त्याच्याकडे राहत नाही.