शेठ, तुम्हीच घ्या शेअर

वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्याचे मालक दिगंबरशेठ खानोलकर, बोलायला एकदम साखर. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी साठ कामगार बायांना जमवलं.

"नवीन मशीनला सहा लाख हवेत. म्हणून यंदा बोनस रोख नाही, त्याचे कंपनीचे शेअर देतो. बायांनो, आता तुम्हीपण मालकिणी! वर्षात पैसे दुप्पट!"

बायांत कुजबुज सुरू झाली. पोरांचे कपडे, किराणा सगळं त्या बोनसवर अडलेलं. काजू सोलून बोटं काळी झालेली शेवंती तांडेल मात्र उठली.

"दुप्पट म्हणजे नक्की ना, शेठ?"

"शंभर टक्के!"

"आणि तुमचा पगार किती हो?"

शेठ खाकरले. "महिन्याला लाखभर."

"मग एवढा फायदा आमच्यावर कशाला उधळताय? सहा महिने पगाराऐवजी तुम्हीच शेअर घ्या. मशीनही येईल, तुमचे पैसेही दुप्पट. आम्हाला मेल्यांना रोखच द्या."

"अगं, मग माझं घर कशावर चालायचं?" शेठ ओरडलेच.

"आम्हीपण तेच विचारतोय!" शेवंती म्हणाली.

साठ जणी अशा हसल्या की शेठ खाली बघायला लागले. दुसऱ्याच दिवशी बोनस वाटला, रोख.