उंबरगोठ्याचे सटवाजे

उंबरगोठे गावात शिरताना चावडीपाशी उभे राहून कुणी ‘अहो सटवाजे!’ अशी हाक मारली, तर कुंभारआळीतून एक मान वर येते, मराठ्यांच्या ओसरीवरून दुसरी, आणि सुताराच्या पडवीतून तिसरी. देवळाचा गुरवही सटवाजे आणि गिरणीवालाही सटवाजेच. महाराष्ट्रात एका गावात एकाच आडनावाची पुष्कळ घरे असतात, त्यात नवल नाही. परंतु ती एका जातीची, एका भावकीची असतात. येथे जाती अनेक आणि आडनाव एक. पुण्यास अथवा नाशकास कोणी सटवाजे भेटला, तर तो याच गावचा, असे डोळे मिटून समजावे.

शहरातून येणारे पाहुणे या नावाची व्युत्पत्ती लावू पाहतात. कोणी म्हणतात, सटवाईच्या पुजाऱ्यांना हे नाव पडले असेल. ते खरे नव्हे. हे एका मुलाचे नाव आहे. त्याच्या आईची आधीची मुले जगली नव्हती. म्हणून हा झाला तेव्हा तिने त्याला सटवाई देवीच्या पदरात घातले आणि सटवाजी असे नाव ठेवले. आईचे नाव ठमाई. मायलेक जातीचे पाथरवट. घाटाखालून दगड घडवण्याच्या कामासाठी आले होते.

त्या काळी म्हणे गावाला तळे नव्हते. पाटलाने ओढ्यावर बांध घालायला घेतला. पण बांध भरत आला की मधोमध खचे. सटवाजीने चिरे घडवून दिले, ते नीट बसले, आणि तरीही बांध खचला. अखेर देवीला कौल लावला. देवीने गावाचा थोरला लेक मागितला, असे सांगतात.

आता लेक द्यायचा कोणी? पाटलाला स्वतःचे मुलगे होते. गावातही घरोघर होते. चावडीवर बसलेल्या प्रत्येकाने खाली पाहिले. तेव्हा पाटलाला एक युक्ती सुचली. तो ठमाईच्या पालावर गेला.

“बाई, तुझा लेक मला दत्तक दे.”

ठमाई हसली. “पाटील, तुमच्या घरात पोरांची दाटी. त्यात माझा दगडफोड्या कुठं निजवता?”

“थोरला म्हणून निजवीन. तळं त्याच्या हातानं उभं राहतंय. त्याला परका म्हणताना गावाची जीभ अडते.”

औरस पुत्र असताना दत्तक घेऊ नये आणि एकुलता एक पुत्र दत्तक देऊ नये, हे दोन्ही नियम उपाध्यांना तोंडपाठ होते. त्या दिवशी त्यांनी ते उच्चारले नाहीत. देवीसमोर सारा गाव जमला. ठमाईने स्वतःच्या हाताने पाटलाच्या ओंजळीत उदक सोडले. सटवाजीला नवे पागोटे बांधले गेले. “हा आजपासून आमच्या गावाचा थोरला,” असे पाटील म्हणाला, आणि सर्वांनी त्याच्या मस्तकावर अक्षता टाकल्या. ठमाई तृप्त मनाने भावाकडे घाटाखाली गेली.

ती गेल्यावर सटवाजीला बांधाच्या पोटात शेवटचा चिरा बसवण्यासाठी उतरवले. तो वाकला असता वरून भराव लोटण्यात आला. पाप एकाच्या माथी नको, म्हणून प्रत्येक घरच्या पुरुषाने त्या लोटण्यास हात लावला होता.

बांध टिकला. पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले. पाटलाने जलपूजन मांडले, तळ्याला आपल्या घराण्याचे नाव द्यायचे ठरवले आणि गावजेवण घातले. लेकाचे वैभव पाहावे म्हणून ठमाई त्याच दिवशी आली. ती पंगतींतून त्याला शोधत हिंडली. कोणी म्हणाले तालुक्याला गेला, कोणी म्हणाले रुसून गेला. शेवटी कुंभाराच्या बायकोला राहवले नाही. ती तिला बाजूला घेऊन म्हणाली, “बाई, नको हिंडू. तो बांधात आहे.”

ठमाई रडली नाही. ती पंगतीत चालत गेली आणि पाटलाच्या पानासमोर उभी राहिली.

“पाटील, घरात सुतक असताना बुंदी कशी वाढलीत?”

“कुणाचं सुतक?”

“तुमच्या थोरल्याचं.”

पंगतीतले हात थांबले. पाटील हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, “अगं, तो दत्तक देवीपुरता होता.”

“देवीपुरता?” ठमाई वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “म्हणजे तो तुमचा लेक नव्हता. मग देवीला तुम्ही परक्याचं पोर खपवलंत. सांगा तसं देवळात जाऊन, न् बघा बांध राहतो का. आणि तो तुमचा लेक होता, तर उठा पानावरून. दोन्हीतलं एक बोला. मी ऐकायला आले आहे.”

तिला पंगतीतून हाकलण्यात आले. ती बांधावर जाऊन बसली, आणि तेथून उठली नाही.

दुसऱ्या दिवसापासून नवल घडले. बायका तळ्यात घागर बुडवीत, ती भरे. परंतु बांधावर आणली की रिकामी असे. ठमाई प्रत्येकीला एकच विचारी, “कुणाच्या घरची?” जी आपल्या घराण्याचे नाव सांगे, तिची घागर कोरडी. दुसरा उपाय नव्हता, कारण ओढा बांधाने अडवला होता आणि गावातल्या विहिरींना पाणी कधी लागलेच नव्हते. पहिली नमली ती कुंभाराची बायको. “सटवाजीच्या घरची,” असे ती म्हणाली, आणि तिची घागर भरलेली राहिली. मग सुतार आले, गुरव आले, उपाध्येही मान खाली घालून आले.

“एक लेक सगळ्यांनी मिळून घेतलात,” ती त्यांना म्हणाली, “तर आता सगळे त्याचे धाकटे भाऊ. घर थोरल्याच्या नावानं ओळखलं जातं. आणि भावाभावांत सोयरिक होत नाही, हे मी तुम्हांला शिकवायला नको. माझं पोर माझ्यापाशी राहिलं नाही. तुमची एकही लेक तुमच्या गावात नांदणार नाही.”

एकटा पाटील अडून राहिला. त्याची माणसे दूरच्या झऱ्यावरून पाणी आणीत. पुढे तो झराही आटला; आणि त्याच वेळी त्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. भर दुपारी पाटील स्वतः घागर घेऊन उतरला.

“कुणाच्या घरचा?”

त्याने आपल्या घराण्याचे नाव सांगितले. घागर रिकामी झाली. त्याने पुन्हा बुडवली, पुन्हा तेच सांगितले. घराकडून मुलीचा आवाज येत होता.

“ठमाई, मी घेतो त्याचं नाव. पोरांना तरी माझं राहू दे.”

“माझ्या घरी नाव सांगायला कुणाला ठेवलंत?” ती म्हणाली.

पाटलाने घागर बुडवली. “सटवाजे,” असे तो म्हणाला. ठमाईने ती भरली घागर स्वतः त्याच्या खांद्यावर चढवली आणि घाटाची वाट धरली. तिने गावाला क्षमा केली, असे सांगणारा मला आजवर कोणी भेटलेला नाही.

आजही जलपूजनाच्या तिथीला उंबरगोठ्यात चूल पेटत नाही. सर्व जातींचे पुरुष बांधावर एकत्र बसून थोरल्या भावाचे सुतक पाळतात. आजही गावातल्या गावात लग्न जुळत नाही. सुना दुरून येतात आणि मुली दूर जातात. मीही अशीच दुरून आलेली सून. नवी असताना मी सासऱ्यांना विचारले होते, “मामंजी, आपण पाटलाच्या वंशातले ना? मग त्याचे नाव काय होते? घराण्याचे मूळ आडनाव काय?”

सासऱ्यांनी पुष्कळ वेळ आठवून पाहिले. मग त्यांनी आपल्या थोरल्या भावाला विचारले, त्यांनी भटजींना विचारले. ते नाव कोणालाही ठाऊक नाही.