ढगांच्या गोठ्याचं दार

सरका जरा, मला टेकू द्या. हं. आता मध्येच कुणी पाणी मागायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

एक होता राजा. त्याचं नाव मानाजी. माणूस भला, पण सदा कंटाळलेला. सिंहासनावर बसला की जांभई. मुजरे झाले की जांभई. आणि प्रधानजी बोलायला उभे राहिले की अशी मोठ्ठी जांभई! नजर मात्र खिडकीबाहेर, एका डोंगरावर. त्या डोंगराचं नाव धुकट्या. त्याचं टोक कधी कुणी पाहिलेलंच नव्हतं, कारण तिथे बारा महिने ढग. म्हातारी माणसं सांगायची, धुकट्याच्या माथ्यावर ढगांचा गोठा आहे. ढग तिथेच जन्मतात. त्यांची वासरं तिथे बागडतात आणि एक गोठेवाली त्यांना सांभाळते.

मानाजी तुमच्याएवढा होता ना, तेव्हापासून त्याच्या मनात एकच. धुकट्यावर जायचं. ढगाच्या वासराच्या पाठीवरून हात फिरवायचा. पण झालं काय, मिसरूड फुटायच्या आत वडील गेले आणि मुकुट याच्या डोक्यावर आला. राजाने का डोंगर चढायचे असतात? मग त्याने ती इच्छा मनात गाडून टाकली. पण गाडलेलं बी कधी गप्प बसतं का? त्याला कोंब फुटतोच. फुटला तो नेमका लेकीच्या वाट्याला.

राजाला एकच लेक होती, कमळजा. ती चालायला लागली तशी राजाने तिला दोरावर चढायला शिकवलं. इतर मुली सागरगोटे खेळायच्या, ही आपली किल्ल्याच्या तटावर लोंबकळायची. राजा खालून ओरडायचा, "शाब्बास! माझी लेक धुकट्यावर जाणार! ढगांची वासरं बघून येणार!"

पोरीचा बापावर भारी जीव. ती चढायची. पण खरं सांगू का, तिचं चित्त दरबारात असायचं. कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली, कुणी कुणाचा बांध कोरला, हे खांबाआड उभं राहून ती कान देऊन ऐकायची. खरं कोण, खोटं कोण, तिला चेहरे बघूनच कळायचं. राजाला याचा पत्ताच नव्हता. त्याची नजर खिडकीबाहेर, सांगितलं ना मघाशी!

कमळजा मोठी झाली. मग राजाने तिला पांढरी घोडी दिली आणि म्हणाला, "निघ बाळ. बघून ये आणि मला सगळं सांग."

कमळजा निघाली. अर्धा डोंगर घोडीवर, अर्धा पायी. वर ढगात शिरली तर समोर दगडी दार. आणि दारावर चिकटून बसलेली ही एवढी मोठी घोरपड! घोरपडीने एक डोळा उघडला.

"कुणाची इच्छा घेऊन आलीस गं?"

"आबासाहेबांची."

"मग आबासाहेबांना पाठव." असं म्हणून तिने डोळा मिटला. दार काही उघडलं नाही.

कमळजा परत आली. राजा हिरमुसला. मग म्हणाला, "अगं, पुन्हा जा. या खेपेला 'माझी इच्छा' असं सांग. तिला काय कळतंय!"

कमळजा पुन्हा गेली. "माझी इच्छा," म्हणाली. घोरपडीने लांब जीभ बाहेर काढली, हवेत फिरवली.

"शब्द तुझा नाही पोरी. शिळा वास येतोय त्याला. तिसऱ्यांदा दुसऱ्याची इच्छा डोक्यावर घेऊन आलीस, तर पुढे चालायला पाय राहायचे नाहीत. इथेच दगड होशील."

कमळजाने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून राणी पद्माई राजाला म्हणाली, "अहो, इच्छा तुमची आणि पाय पोरीचे, हा कुठला न्याय? पुरे झालं आता."

पण राजाला राहवतंय कुठे! "घोरपड धमकी देते आणि तुम्ही घाबरता?" म्हणाला.

त्या दिवशी दरबारात दोन बायका एका म्हशीवरून भांडत होत्या. दोघी म्हणत, म्हैस माझी. कमळजा तिथे रंगून गेली होती. दोघींपैकी कुणाला काय विचारायचं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात राजा म्हणाला, "ते प्रधानजी बघतील. तू निघ. आबासाठी एवढं एकदा जा."

एवढं एकदा! मोठी माणसं असंच म्हणतात, नाही का?

कमळजा गेली. आणि संध्याकाळी घोडी एकटीच परत आली.

राजाने रिकामं खोगीर पाहिलं आणि तो धावतच अंगणात आला. सेनापती म्हणाले, "सैन्य पाठवतो." प्रधानजी म्हणाले, "मी जातो." राजा म्हणाला, "नाही. खूप पाठवलं दुसऱ्यांना."

मुकुट काढून त्याने राणीच्या हातात दिला, काठी घेतली आणि निघाला. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. दहा पावलं टाकली की धाप. घसरला, उठला. तळहात सोलवटले. रडला सुद्धा, बरं का. पण थांबला नाही. ज्या दगडांवरून तो चालला होता, त्यांवरून लेकीला तीनदा धाडलं होतं त्याने. ते दगड किती टोचतात, हे त्याला आज कळत होतं.

पोचला दारापाशी. तर तिथे कमळजा उभी. केस दगडाचे, हात दगडाचे, डोळे मिटलेले. राजाने तिला मिठी मारली. गारढोण!

"कुणाची इच्छा घेऊन आलास?" घोरपडीने विचारलं.

"माझ्या लेकीला सोड. दुसरं काही नको मला."

"ते तर बापाचं कर्तव्य. मी इच्छा विचारली. पोरीच्या डोक्यावर ठेवलीस ती कुणाची? ती तू उचलल्याशिवाय पोर कशी हलेल?"

एवढा मोठा राजा, केस पिकलेले. असलं पोरकट काही बोलायचं कसं? मान खाली गेली. मग त्याने लेकीच्या दगडी कपाळावर हात ठेवला आणि ताठ उभा राहिला.

"माझी," तो म्हणाला. "मला ढगांची वासरं बघायची आहेत. लहान होतो तेव्हापासून. मला भीती वाटत होती, लोक हसतील म्हणून. आता हसू देत. मी स्वतः आलोय."

घोरपडीने जीभ हवेत फिरवली. "हं! याला ताजा वास आहे," म्हणाली आणि सरसर बाजूला झाली. दार करकरलं, उघडलं. आणि राजाच्या हाताखालचं कपाळ उबदार झालं.

"आबा!" कमळजाने डोळे उघडले. "तुम्ही चढून आलात?"

"आलो गं बाळ. चुकलो मी. तुला काय हवं, हे कधी विचारलंच नाही. आज विचारतो. काय हवंय तुला?"

कमळजाला उत्तर शोधावं लागलं नाही. "मला खाली जायचंय आबा. दरबारात. त्या म्हशीचा न्याय मला करायचाय. आणि त्यानंतरचेही सगळे."

राजा बघतच राहिला. मग पोट धरधरून हसला. "जा, जा! त्या सिंहासनावर मला एक दिवस धड बसवलं नाही. आजपासून ते तुझं!"

लेक धावत खाली गेली आणि बाप दारातून आत गेला. आत काय होतं? सगळं पांढरं पांढरं! कापसासारखी ढगांची वासरं इकडून तिकडे उधळत होती. एक आलं आणि राजाचा सोलवटलेला हात चाटू लागलं. ओली, गार जीभ. राजा मटकन खाली बसला. दुसरं आलं, मांडीवर चढलं.

गोठेवाली म्हणाली, "उशीर केलास रे."

"केला खरा," राजा म्हणाला. "पण आलो. काय काम करू, सांग."

मग कमळजा राणी झाली. न्याय असा करायची की हरलेला माणूससुद्धा मान डोलवत घरी जायचा. मानाजी उन्हाळाभर वर वासरं राखायचा आणि थंडीत घरी यायचा, वाऱ्याने रापलेला, एकही जांभई न देता. आणि पद्माई? तिला कधीपासून पोहायला शिकायचं होतं, ती नदीवर जाऊ लागली. प्रधानजींनी डोळ्यांवर हात घेतला, पण तिने काही ऐकलं नाही. सगळी सुखात राहिली, आपापल्या सुखात.

चला, झाली गोष्ट. पांघरूण ओढा. आता ज्याने त्याने आपापलं स्वप्न बघायचं. माझ्यासाठी म्हणून कुणी बघायचं नाही, माझं मी बघते. मिटा डोळे.