भिंतीवरचा भाव

डोंगरापायथ्याच्या एका गावात केरबा नावाचा एक टेम्पोवाला राहत होता. गावचं दूध तालुक्याच्या डेअरीला पोचवायचं आणि येताना पेंडीची पोती भरून आणायची, हा त्याचा धंदा. टेम्पो जुना, रंग उडालेला. पण भर थंडीतही पहिल्या किल्लीला सुरू व्हायचा. घाटात त्याने कधी दगा दिला नाही. केरबाला वाटलं, जी कंपनी अशी गाडी बनवते तिच्यात आपलेही चार पैसे असावेत. म्हणून त्याने त्या कंपनीचे शेअर घेतले. इथपर्यंत केरबा शहाणा होता.

पुढे त्याला रोज भाव बघायची चटक लागली. मोबाइलला रेंज यायची ती फक्त अंगणातल्या लिंबाखाली. दुपारी बाजार बंद झाला की केरबा तिथे उभा राहून भाव बघायचा आणि पळत घराच्या दर्शनी भिंतीपाशी यायचा. भिंत मातीची, हौसाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, नुकतीच पोतारलेली. तिच्यावर तो गेरूने रेघ ओढायचा. भाव एक रुपया चढला की रेघ एक बोट वर, एक रुपया उतरला की एक बोट खाली. तेवढ्यानेही समाधान होईना. मग तालुक्याहून त्याने मागचे जुने भाव छापून आणले आणि तेही भिंतीच्या डाव्या कोपऱ्यापासून चढवले. घरावर अख्खा सह्याद्री उभा राहिला.

संध्याकाळी गाव जमायचं. सुतावरून स्वर्ग गाठण्यात आपल्या लोकांचा हात कोण धरणार? कुणी म्हणायचं, मंगळवारी भाव पडतो. कुणाला दिसायचं, की बेंदराचा सण जवळ आला की चढतो. शेजारचे बापू पोवार तर छातीवर हात ठेवून सांगायचे, की त्यांची म्हैस दूध चोरते त्या दिवशी भाव हमखास घसरतो.

घरच्यांचे हाल मात्र कुत्रं खाईना. रेघ खिडकीच्या दारांवरून गेली होती.

"अवो, खिडकी उघडू का? चुलीचा धूर कोंडलाय," हौसाबाई आतून विचारायची.

"नगं! पौषातली तेजी मधीच मोडती," केरबा बाहेरून ओरडायचा.

एकदा तिने खुंटीला सूप अडकवलं, तर हा पठ्ठ्या कळवळून म्हणाला, "अगं, तू मंदी झाकलीस की!" त्यानंतर सूप चुलीमागे राहू लागलं.

मग एका महिन्यात भाव असा चढला, की रेघ वळचणीला जाऊन टेकली. केरबाला आकाश ठेंगणं झालं. कौलं आडवी आली, म्हणून त्याने कौलंच काढली आणि रेघ वाशावर चढवली. स्वयंपाकघरात ऊन पडलं आणि कावळ्यांची सोय झाली. टेम्पो आधी उशिरा निघू लागला, मग निघेनासाच झाला. डेअरीने गावचं दूध दुसऱ्या गाडीला दिलं. केरबाला त्याचं काही वाटलं नाही, कारण ती बातमी भिंतीवर नव्हती.

आणि भाव पडायला लागला.

कुठल्याशा देशात पोलाद महागलं, असं टीव्हीवरचा टायवाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोलाद स्वस्त झालं, तरी भाव पडलाच. मग टायवाल्याने दुसरं कारण काढलं. रेघ वाशावरून वळचणीला, वळचणीवरून खिडकीला आणि खिडकीवरून थेट जमिनीला येऊन टेकली. केरबाच्या तोंडचं पाणी पळालं.

"संपली भिंत. आता तरी सोडा हा नाद," हौसाबाई म्हणाली.

"भाव थांबंना, तर रेघ कशी थांबंल?"

बापूंनी तोडगा काढला. "केरबा, रुपयाला एक बोट धरतोस, त्याजागी अर्धं धर. मागलं समदं पुसून नव्यानं काढ."

केरबा दुखावला. "बापू, म्या इतके दिस रुपयाला एक बोट धरलंय. आता खोटं कसं बोलू?"

जगात खरं बोलणारी माणसं कमी आहेत, हे खरं. पण ती नेमकी कुठे खरं बोलतील याचा नेम नाही. केरबाने पहार आणली आणि भिंतीच्या बुडाशी खणायला सुरुवात केली. रोज भाव पडायचा, रोज तो आणखी खोल जायचा. जोत्याचे दगड आडवे आले, तेही त्याने उपसले. दगड निघालेल्या जागी ओल्या मातीवर तो जपून गेरू फिरवायचा.

हौसाबाईने एक दिवस कमरेवर हात ठेवून खड्ड्यात डोकावलं. "अजून किती खाली जाणार म्हणं?"

"टायवाला म्हंतोय, अजून दोन हात."

तिने आधी देव बाहेर काढले, मग भांडी, मग धान्याची कणगी आणि शेवटी शेळी. सगळं लिंबाखाली मांडलं आणि तिथेच चूल पेटवली. जन्मभर सारवलेलं, पोतारलेलं घर समोर उभं होतं आणि आपलाच माणूस त्याची मुळं उपटत होता. तिचे डोळे भरून आले, पण तिने भाकरी करपू दिली नाही.

त्या दुपारी बाजार बंद झाला. केरबा खड्ड्यातून वर आला, लिंबाखाली गेला आणि मोबाइल बघून नाचायलाच लागला.

"हौसे, चढला! तेरा रुपयं चढला!"

हातात गेरूची वाटी घेऊन तो वळला, तेवढ्यात भिंत एकदा कण्हली आणि धडामदिशी खाली आली. तेजी, मंदी, पौष, मंगळवार, सगळ्याचा एकच ढीग झाला. धुळीत केरबा वाटी धरून उभा राहिला. भाव तेरा बोटं वर गेला होता आणि रेघ ओढायला भिंत नव्हती.

मग हौसाबाईने टेम्पोची किल्ली त्याच्या हातात दिली. "विटा आणायच्यात. चला."

महिन्याची धूळ अंगावर घेऊन टेम्पो उभा होता. केरबाने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. भाव वळचणीला होता तेव्हाही ती अशीच सुरू झाली असती, खड्ड्यात होता तेव्हाही. केरबाला फार लाज वाटली. मान खाली घालून त्याने गाडी रस्त्याला लावली.

नवी भिंत खांद्याइतकी आली, तेव्हा बापू धावत आले.

"केरबा, ऐकलंस का? भाव फिरून तिथंच आलाय बघ. तू शेअर घेतलंस तिथंच!"

"बरं," केरबा म्हणाला. "ती वीट द्या जरा इकडं."

तात्पर्य: भावाचं कामच रोज वरखाली होण्याचं आहे, त्याच्या मागे लागून आपल्या घराचा पाया उकरू नये.