मधलं शटल कुणाचं?

एकदा एक खेळाडू आपल्या वृद्ध गुरूंकडे तक्रार घेऊन आली. तक्रार कसली, धुमसता संतापच घेऊन आली. मलेशियातल्या इपोह नावाच्या शहरात हे गुरू पत्र्याच्या छपराच्या एका जुन्या हॉलमध्ये बॅडमिंटन शिकवत. आपण गुरुजी म्हणतो तसं तिकडे शिक्षकाला 'चेगू' म्हणतात. अख्खं शहर त्यांना चेगू म्हणत असल्यामुळे त्यांचं खरं नाव काय, हे विचारण्याची वेळ कुणावर आली नव्हती.

खेळाडूचं नाव स्वी हून. पोरवयात ती याच हॉलमध्ये रॅकेट धरायला शिकली, इथूनच राजधानीतल्या प्रशिक्षण केंद्रात गेली आणि महिला दुहेरीत देशाकडून खेळू लागली. एका मोठ्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचली तेव्हा तिचा फोटो इपोहच्या चहाच्या दुकानांतून लागला होता. त्यानंतर मात्र गाडी जी अडली ती अडलीच. दुहेरीच्या खेळाडूची कारकीर्द एकटीची कधीच नसते आणि स्वी हूनचं सगळं दुखणं नेमकं तिथेच होतं. पहिल्या जोडीदारणीने खेळच सोडला. दुसरी मिश्र दुहेरीकडे वळली. तिसरी म्हणाली, मला एकेरीच बरी. कुणी भांडलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही. तिघी गोड बोलून निघून गेल्या.

आता चौथी होती शिकीन. केलांतान प्रांतातून आलेली, बावीस वर्षांची, अबोल, मनगटाने मजबूत. मराठी कानाला हे नाव ऐकून मोठी आशा वाटते, पण स्वी हूनच्या मते या शिकीनने काही म्हणता काही शिकायचं नाही, असा पणच केला होता. पुढच्या आठवड्यात निवड स्पर्धा होती. निवड समितीने स्वी हूनला स्पष्ट सांगितलं होतं, की या वेळी जोडी जिंकली नाही तर राष्ट्रीय संघातली तुझी जागा गेली. सत्ताविसाव्या वर्षी गेलेली जागा परत मिळत नाही, हे तिला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

"चेगू, मी हात टेकले," खुर्चीत धपकन बसत ती म्हणाली. "मधलं शटल! दोघींच्या बरोबर मधे येणारं शटल ही मुलगी सोडून देते. प्रत्येक वेळी! हिला मी समजावलं, ओरडले, पुन्हा समजावलं. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतसुद्धा एव्हाना सरकली असती. चेगू, आपण काहीतरी करू या. तुमचा शब्द समितीत चालतो. आपण त्यांना सांगू, की मला दुसरी जोडीदार द्या. अजून आठवडा आहे."

चेगू जुन्या रॅकेटची जाळी तपासत होते. त्यांनी एक तार बोटाने छेडून पाहिली. "शिकीनला घेऊन ये," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. चेगूंनी समोरच्या बाजूला जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या दोन शाळकरी मुली उभ्या केल्या आणि स्वतः कडेला प्लास्टिकच्या लाल स्टुलावर बसले. खेळ सुरू झाला. पाचच मिनिटांत शटल दोघींच्या बरोबर मधून सरळ जमिनीवर येऊन पडलं. शिकीन अदबीने बाजूला झाली होती. स्वी हून कोपऱ्यातून धावत आली ती फक्त पडलेलं शटल बघायला.

"बघितलंत?" तिने चेगूंकडे पाहून हात उडवले आणि शिकीनकडे वळली. इथे तिच्या भाषेबद्दल एक सांगायला हवं. तिच्या घरात कॅन्टनीज ही चिनी बोली बोलत. शाळेत मलयच्या तासाला तिने डुलक्याच जास्त काढल्या. मलय ती खऱ्या अर्थाने शिकली ती मोठी झाल्यावर, पत्रकारांच्या माइकपुढे उत्तरं देता देता. त्यामुळे तिची मलय ठसक्याची, पण जरा धेडगुजरी होती. चेगूंशीही ती मलयच बोले. त्या मलयमध्ये ती शिकीनवर कडाडली, "किती वेळा सांगायचं तुला? मधलं शटल आम्ही घ्यायचं! आम्ही! निवड स्पर्धा आहे पुढच्या आठवड्यात, आम्हाला जिंकायचंय!"

"हो, काक," शिकीन खाली मान घालून म्हणाली. काक म्हणजे ताई. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ कावळा होतो, आणि त्या घडीला स्वी हूनचा एकंदर सूर पाहता तोही फारसा चुकीचा ठरला नसता.

तेवढ्यात चेगू उठले. आपण बसलो होतो ते लाल स्टूल उचलून ते कोर्टवर आले आणि शिकीन उभी होती त्याच जागी त्यांनी ते ठेवलं.

"तू ये बाहेर," ते शिकीनला म्हणाले. "तुझं इथे काम नाही. चल, चहा पिऊ." मग स्वी हूनकडे वळून म्हणाले, "तुझी जोडीदार आता हे स्टूल. शटल स्टुलाला लागलं तर गुण समोरच्यांना. खेळ."

शिकीनच्या तोंडचं पाणी पळालं. ओठ घट्ट मिटून ती बाहेर गेली. खरं सांगायचं तर स्वी हूनला आधी मनातून बरंच वाटलं. चेगूंना पटलं तर! या मुलीपेक्षा स्टूल बरं, हेच ते सुचवत असणार. पण हा आनंद फार टिकला नाही. सबंध कोर्ट एकटीने सांभाळायचं आणि वर मधोमध हा लाल अडथळा. पहिले काही गुण धडाधड गेले. एकदा शटल टप्पकन स्टुलावरच येऊन बसलं आणि समोरच्या मुली फिदीफिदी हसल्या. देशाकडून खेळलेली बाई मी, आणि म्हाताऱ्याने माझी ही काय थट्टा मांडली आहे! तिचं डोकं भणभणलं. बाहेर पाहते तर चेगू आणि शिकीन शेजारी शेजारी बसून साय धरलेला चहा फुंकून पीत होते, जणू सामना बघायला तिकीट काढून आले होते.

पण हाडाची खेळाडू ती. चिडून का होईना, ती स्टुलाचा अंदाज घ्यायला लागली. स्टूल जिथे आहे तिथे ते आहे. तिथून ते हलणार नाही, धावणार नाही. मग आपण त्याच्या मागून जायचं, त्याच्या उजव्या अंगाने पुढे यायचं, परतवलेलं शटल शक्यतो दूरच्या कोपऱ्यात टाकायचं, म्हणजे उत्तर स्टुलावर येत नाही. हळूहळू गुण मिळायला लागले. मुली दमल्या, ही तापली, आणि अखेर डाव तिने खेचून आणला. शेवटचा फटका मारून ती घामाने निथळत स्टुलापाशी आली, त्याच्या पाठीवर थोपटावं तशी थाप मारली आणि मोठ्याने म्हणाली, "शाब्बास रे गड्या! जिंकलो आपण!"

मग विजयी मुद्रेने ती चेगूंपुढे जाऊन उभी राहिली. "झालं समाधान? स्टुलाबरोबर जिंकते आणि हिच्याबरोबर हरते. आता तरी आपण समितीकडे जायचं ना?"

चेगूंनी पेला खाली ठेवला आणि शिकीनला विचारलं, "मुली, मधलं शटल तू का सोडतेस?"

शिकीनने एकदा चेगूंकडे पाहिलं, एकदा काककडे. "काकच म्हणतात ना, मधलं आम्ही घ्यायचं."

"मग?" स्वी हून उसळली. "तेच तर डोकं फोडून सांगतेय!"

"मग मी बाजूला होते. तुम्हाला घेता यावं म्हणून."

स्वी हूनने हातातली रॅकेट खाली ठेवली.

"आम्ही म्हणजे नक्की कोण, ते मला कळायचं नाही," शिकीन पुढे म्हणाली. आता बोलायला लागल्यावर थांबणं तिला जमेना. "आधी वाटलं, मोठ्या खेळाडू स्वतःला मानाने आम्ही म्हणत असतील. मग वाटलं, तुम्ही आणि समिती. काहीही असो, मी त्यात नव्हते एवढं कळत होतं. आणि तुम्ही वयाने मोठ्या. तुमची भाषा मी कशी सुधारणार?"

वाचकहो, जगातल्या पुष्कळ भाषांना ही भानगड कळायचीच नाही, पण आपल्याला समजवावी लागणार नाही. मलयमध्ये आपल्यासारखेच दोन शब्द आहेत. 'कामी' म्हणजे आम्ही. त्यात ऐकणारा नाही. 'किता' म्हणजे आपण. त्यात ऐकणाराही आला. स्वी हूनच्या कॅन्टनीजमध्ये दोन्हींना मिळून एकच शब्द. माइकपुढे ती आम्ही म्हणायची ते अगदी योग्यच, कारण पत्रकार काही तिच्याबरोबर खेळायला उतरत नसे. तोच आम्ही ती जोडीदारणीलाही ऐकवत आली होती.

"म्हणजे एका शब्दाची चूक?" स्वी हून जवळजवळ ओरडलीच. "माझ्या भाषेत हा फरकच नाही चेगू! त्यात माझा काय दोष? एवढ्यासाठी तुम्ही मला तासभर स्टुलाबरोबर नाचवलंत?"

"शब्दाची चूक असती तर मी शब्द सुधारला असता," चेगू म्हणाले. "त्याला एक मिनिट लागतं. पण काल माझ्यापुढे तू काय म्हणालीस, आठवतं? 'चेगू, आपण काहीतरी करू या. आपण समितीला सांगू.' आत्ताही म्हणालीस, 'आपण जायचं ना?' माझ्याशी बोलताना तुझी जीभ कधीच अडखळत नाही. मला वाटलं, मी म्हातारा, गुरू, म्हणून जपून बोलत असशील. तेव्हा मी स्टूल ठेवून पाहिलं. त्या स्टुलालासुद्धा तू मलयमध्येच 'जिंकलो आपण' म्हणालीस, पोरी. ते हललं नाही, धावलं नाही, एक गुण तर त्याने घालवला. तरी त्याला सोबत धरून तू खेळलीस. तुला फरक चांगला कळतो. जिला तू आपलं धरलं नाहीस, तिच्याशी बोलतानाच तो चुकतो. मागच्या तिघींनाही मलय येत होती."

एवढं बोलून त्यांनी पेला पुन्हा उचलला. चहा गार झाला होता, म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं.

स्वी हूनला रडू आलं नाही; रडणाऱ्यांतली ती नव्हती. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली की ती आणखीच चिडते, तशी ती चिडली. तरातरा कोर्टवर गेली, स्टूल उचललं, कडेला आदळलं आणि परत येऊन शिकीनपुढे उभी राहिली.

"मधलं शटल," ती म्हणाली, "आपण घ्यायचं."

"आपण म्हणजे मीसुद्धा?"

"तूसुद्धा."

"म्हणजे मला जवळ असेल तर मी मारलं तरी चालेल?"

"अगं चालेल काय, मारच!"

शिकीनने कपाळावर हात मारून घेतला. आता चिडायची पाळी तिची होती. "मग हे आधी सांगायचं ना, काक! सहा महिने झाले, सारखी बाजूला होतेय मी! माझ्या हाताशी आलेली शटलं सोडून देताना जीव नुसता तुटायचा माझा!"

पुढच्या आठवड्यात निवड स्पर्धा झाली. शेवटचा सामना अगदी अटीतटीला आला असताना शटल पुन्हा नेमकं मधे आलं. स्वी हूनचा हात वर गेला होता; तिने तो आवरला. शिकीनने झेपावून फटका मारला आणि शटल रेषेच्या बाहेर गेलं. गुण गेला. प्रेक्षकांतून एक सुस्कारा उमटला. शिकीनने भीत भीत काककडे पाहिलं. स्वी हूनच्या कानशिलापर्यंत जुना संताप चढून आला होता, तो चेगूंना वरच्या बाकावरून दिसला. ती शिकीनजवळ गेली, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "आपलं चुकलं. चल."

नंतरचं मधलं शटल कुणी मारलं, ते चेगूंना नीट दिसलं नाही, कारण दोघी एकदमच तिथे होत्या. सामना त्या जिंकल्या आणि जोडी निवडली गेली, तीही संघातल्या शेवटच्या जागेवर. खाली माइक पुढे करून पत्रकाराने विचारलं तेव्हा स्वी हून म्हणाली, "आम्ही अजून खूप शिकतोय." तिच्या त्या आम्हीमध्ये या वेळी दोघी होत्या, म्हणून चेगूंनी काही सुधारणा केली नाही.

आपल्या भाषेने हे दोन शब्द आपल्याला जन्मतःच देऊन ठेवले आहेत. आणि तरीही लग्न होऊन घरात आलेल्या मुलीला आपण वर्षानुवर्षं सांगत राहतो, "आमच्याकडे आमटीत गूळ घालतात," आणि मग ती गप्प का असते म्हणून चिडतो.