ठकूबाईची राई

ही समोर दिसते ती ठकूबाईची राई. करंज आणि कडुनिंब, दोनच जातींची झाडं. तुम्ही शहरातून फावडी आणि रोपं घेऊन आलात, इथला कचरा उचलायचा म्हणालात, म्हणून सांगतो. काम नंतर करा, आधी ऐका.

फार पूर्वी इथे उघडा माळ होता म्हणे. आमच्या शेवरखेड गावाचा उकिरडा इथेच, मेलेली गुरंही इथेच टाकायचे. एका उन्हाळ्यात मुलखात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. तेव्हा म्हाळोजी नावाचे पाटील होते. त्यांनी वेशीचे दरवाजे लावून घेतले. परक्याला घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही, असं ठरलं.

साथ सरली. दोन वर्षांनी एका सकाळी आठ-दहा अनोळखी माणसं माळावर दिसली. पुढे एक पांढऱ्या कपाळाची बाई. कुणाला न विचारता त्यांनी हाडं वेचली, उकिरडा टोपल्यांनी दूर नेला, काटेरी झुडपं काढली. संध्याकाळी गेली, सकाळी पुन्हा हजर. गाव वेशीतून नुसतं बघत राहिलं. फुकट कोण राबतं? कुणी म्हणे, पुरलेलं धन शोधताहेत. कुणी म्हणे, जमीन बळकावणार. त्या माणसांनी खड्डे खणायला घेतले, तेव्हा तर गावाची खात्रीच पटली.

म्हाळोजी स्वतः गेले. "कुणाच्या सांगण्यावरून चाललंय हे?"

बाई म्हणाली, "कुणाच्याच नाही. मी ठकू, नदीपलीकडच्या वाडीची. साथीच्या उन्हाळ्यात माझा धनी इथे कोसळला. त्याला पटकी नव्हती पाटील, ऊन लागलं होतं. मी तुमची वेस बडवली, दार उघडलं नाही. सावलीला न्यावं म्हटलं, तर माळावर हातभर सावली नव्हती. इथेच गेला तो. पुन्हा कुणी पडलं तर डोक्यावर झाड तरी असावं."

एवढं ऐकून गाव विरघळलं असेल, असं तुम्हाला वाटेल. झालं उलटंच. या बाईला गावावर सूड घ्यायला कारण आहे, हे आता तिच्याच तोंडून कळलं होतं. खड्ड्यांत करणी पुरली असणार, असं घरोघर बोलू लागले. मृगात रोपं लागली आणि दुसऱ्याच सकाळी, ती माणसं यायच्या आत, गावाने एकूण एक रोप उपटलं. बोटांनी माती चिवडली. शेणखताशिवाय काही निघालं नाही, तसं गाव वेशीत परतलं; पाटील तेवढे माळावर थांबले.

वाडीची माणसं आली, ते पाहून परत फिरली. ठकूबाई मात्र खाली बसली. ज्यांची मुळं शाबूत होती ती रोपं तिने वेचली. एक खड्ड्यात उभं धरलं आणि म्हणाली, "माती तुम्ही लोटा पाटील. खाली काय जातं ते तुमच्या डोळ्यांसमोर राहील."

असं सांगतात, की म्हाळोजी खड्ड्यापाशी आले. मग गुडघे टेकून ओंजळीने माती लोटू लागले. त्यांच्यामागून एकेक करून गाव माळावर उतरलं.

तरी तीन वर्षं त्या झाडांखाली कुणी बसलं नाही म्हणे. ठकूबाई रोज पाणी घालायला यायची. पाटलांनी कितीदा घरी बोलावलं, पण वेशीच्या आत तिने पाऊल टाकलं नाही. शेवटी एका चैत्रात म्हाळोजींनी वेशीचे दोन्ही दरवाजे उतरवले. त्या दिवशी ती आत आली, पाणी मागितलं आणि उभ्यानेच प्यायली.

आजही आमच्या वेशीला दरवाजे नाहीत. आजही या माळावर रोप लावणाऱ्याने खड्डा फक्त खणायचा, बुजवायचा गावकऱ्याने. आमचा संशय गेला, असं खोटं कशाला सांगू? इतक्या लांबून येऊन तुम्ही फुकट का राबता, हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हा खणा तुम्ही. मी इथे बसून बघतो. माती मी लोटीन.