बोडकी शिळा

"मधल्या शिळेवर हे काय कोरलंस?"

"ड्रॅगन, गुरुजी," येनशू म्हणाला. छाती चांगली दोन बोटं फुगली होती.

म्हातारा त्साओ पाथरवट खाली वाकला आणि ड्रॅगनच्या खवल्यांवरून बोट फिरवू लागला...

चीनच्या बादशहाची आकाशपूजेची वेदी ती. गोल, उघडी, तीन टप्प्यांची. मधोमध एक वाटोळी शिळा, भोवती नऊ दगड, मग अठरा, मग सत्तावीस, असं करत नवव्या वर्तुळात एक्याऐंशी. मधली शिळा तडकली होती. ती बदलायचं काम गुरूने शिष्यावर सोपवलं, आणि पठ्ठ्याने हा पराक्रम केला.

"सगळीकडे आकाशाचा नऊ आकडा," येनशू म्हणाला, "आणि बादशहा गुडघे टेकतो ती शिळाच बोडकी? बरं दिसतं का ते?"

"वर छप्पर का नाही रे?"

"आकाश आणि माणूस यांच्यामध्ये काही येऊ नये म्हणून."

"मग?"

येनशूने ड्रॅगनकडे पाहिलं... आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पूजा उद्या पहाटे. तपासनीस आज दुपारी येणार. मधल्या शिळेवर एक रेघ जरी दिसली, तरी पाथरवटाचं मुंडकं उडायचं. नवी शिळा घडवायची तर महिना हवा.

"गुरुजी, मेलो मी."

"मेलेली माणसं बोलत नाहीत. पहार घे."

दोघांनी घाम गाळून शिळा उचकटली आणि पालथी केली. येनशू बघतच राहिला. खालची बाजूही तेवढीच गुळगुळीत होती.

"ही कुणी घासली?"

"मी. तुझ्या हाती द्यायच्या आधी."

तपासनीस आला. शिळेवरून तळहात फिरवला, मान डोलावली आणि गेला. येनशू मटकन खाली बसला. सुटलो, सुटलो, म्हणत लहान पोरासारखा रडला आणि रडता रडता हसला.

मग डोळे पुसत उठून उभा राहिला.

"मी चुकणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"माझे गुरुजीसुद्धा दोन्ही बाजू घासूनच दगड द्यायचे."

"म्हणजे तुम्हीपण कधी...?"

म्हातारा येनशूच्या पायाखालच्या साध्या दगडाकडे बघत राहिला...

"जरा बाजूला सरक बाबा. माझ्या ड्रॅगनच्या पाठीवर उभा आहेस."